हौद्यातले जोडीदार

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या कुस्ती निकालात सांगली जिल्ह्यातली दोन नावं शेजारीशेजारी सापडतात. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपत आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. आंदळकरांना सर्वांत वरच्या वजनगटात ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य मिळालं. मान्यांना त्याच्या खालच्या, ९७ किलोच्या गटात फ्रीस्टाइलचं सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचं रौप्य मिळालं. एका जिल्ह्याचे दोन पैलवान आणि चार पदकं. निकालाचा कागद नाव, वजन आणि पदक सांगतो आणि थांबतो.

त्या कागदावर जे नाही त्याविषयी मला लिहायचं आहे. आंदळकर जकार्तात उभे राहिले त्याआधी कितीतरी वर्षं, रोज पहाटे, कोणीतरी त्यांच्या समोर लंगोट कसून उभं राहत होतं. त्यांच्या मानेला मान लावत होतं, त्यांचं वजन अंगावर घेत होतं, आपटलं जात होतं आणि पुन्हा उठून हात पुढे करत होतं. पैलवान हौद्यात एकटा उतरतो, एकटाच पाडतो किंवा पडतो, म्हणून कुस्ती हा एकट्याचा खेळ आहे असं आपण धरून चालतो. मला ते मान्य नाही. आपल्या खेळांत इतकी माणसं मिळून एक माणूस घडवणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. मैदानात दिसते ती शेवटची दहा-वीस मिनिटं. बाकी सगळी कुस्ती तालमीत होते, आणि ती पाहायला तिकीट लागत नाही, फक्त पहाटे उठावं लागतं. बंदिशीचं किंवा कवितेचं रसग्रहण करतात तसं तालमीतल्या पहाटेचंही करावं इतकं तिथे भरलेलं असतं.

आधी मुलूख पाहू. शिराळा बाहेरच्या जगाला नागपंचमीमुळे माहीत आहे. पण समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथे आहे, आणि या भागातल्या पोराची मारुतीशी ओळख लंगोटाच्या वयातच होते. गावची तालीम म्हणजे बुटकं दार, जाड भिंती, वर कौलं, आत मातीचा हौदा आणि कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. दार मुद्दाम ठेंगणं, म्हणजे आत शिरणारा कितीही मोठा पैलवान असला तरी त्याला मान वाकवावी लागते. यात्रेच्या मैदानात लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग रुपयांवर. हलगी वाजत असते, पोरगा धुळीत लोळून उठतो आणि मूठभर रेवड्या घेऊन घरी येतो. त्याच रात्री घरात बोलणं निघतं, याला कोल्हापूरला ठेवायचं का?

या भागाला कोल्हापूर दूरचं नाही. वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. आंदळकर १९५० च्या सुमारास असेच गेले. शाहू महाराजांनी १८९४ ते १९२२ या आपल्या कारकिर्दीत कुस्तीला असा आश्रय दिला होता की पेठेपेठेत तालीम उभी राहिली, देशभरातले मल्ल कोल्हापुरात आले, आणि १९१२ साली खासबागेचं मैदान तयार झालं. त्या मैदानाची रचना अशी की कोणत्याही कोपऱ्यात बसलं तरी मधला हौदा दिसतो आणि पुढच्याचं डोकं आड येत नाही. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावं आजही पैलवानांच्या घरांत एखाद्या विद्यापीठाच्या नावासारखी घेतली जातात. १९५९ साली श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले, पुढच्याच वर्षी, १९६० साली, आंदळकर. लागोपाठ दोन वर्षं देशाची गदा कोल्हापूरच्या मातीत घडलेल्या दोघांकडे आली. खंचनाळ्यांची तालीम शाहूपुरी, आंदळकरांची मोतीबाग. एका शहरातल्या दोन तालमी एकमेकींशी चढाओढ करत होत्या आणि त्या चढाओढीतून दोघांनाही धार येत होती.

आता आत जाऊ, अंधार असतानाच.

पहिला आवाज फावड्याचा. माती उकरली जाते, उलटीपालटी होते, ढेकळं फोडली जातात. तालमीची माती रानातून आणून टाकली की झालं असं नसतं. ती चाळतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर मिसळतात. रोजच्या घामाने आणि रोजच्या उकरण्याने ती मुरत जाते. हळद खरचटलेल्या अंगासाठी, तेल आणि ताक माती धुळीसारखी उडू नये म्हणून. चांगल्या हौद्याची माती मुठीत दाबली तर भाकरीच्या पिठासारखी गोळा होते आणि सोडली की मोकळी होते. ती घट्ट झाली की हाडं वाजतात, फार भुसभुशीत झाली की पाय रुततो आणि डाव बसत नाही.

हे काम पोरं स्वतः करतात. या प्रथेकडे मी फार आदराने पाहतो. ज्याच्यावर आपण आता पडणार आहोत, किंवा जो आपल्यावर पडणार आहे, त्याच्यासाठी ती माती मऊ करायची असते. फावडं मारणाऱ्याला कळतं की काल कोणत्या कोपऱ्यात माती बसली होती आणि कोणाचा खांदा तिथे दुखावला. तालमीत नवा आलेला पोरगा डाव शिकण्याआधी हे शिकतो, आणि त्याला कोणी समजावून सांगत नाही. फावडं हातात दिलं जातं, एवढंच. नामांकित पैलवानही कधी मधेच उतरून दुसरं फावडं घेतो. त्या दिवशी पोरांच्या हाताला वेग येतो.

मग उदबत्ती, मारुतीला नमस्कार, वस्तादांच्या पायांना हात, मातीला हात लावून तो कपाळाला. जोर आणि बैठका सुरू होतात. शेकड्यांनी मारले जाणारे जोर एकट्याने मारणं आणि रांगेत मारणं यात फार फरक आहे. रांगेत एकाचा श्वास दुसऱ्याचा श्वास ओढून नेतो. कोणीतरी आकडा म्हणतो, बाकीचे म्हणत नाहीत, पण अंगं त्याच आकड्यावर उतरतात आणि चढतात. थकलेला पोरगा मधे थांबला तर त्याला कोणी ओरडत नाही. शेजारचा फक्त थोडा हळू होतो, तो परत लयीत आला की पुन्हा वेग घेतो. ही गोष्ट इतकी बारीक आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटते. मला मात्र तालमीतली सगळी सोबत त्या एका हळू झालेल्या जोरात दिसते.

यानंतर लढती. तालमीच्या पहाटेचा गाभा हाच, म्हणून इथे थांबून नीट पाहायला हवं.

वस्ताद दोघांची नावं घेतात. एक तयार झालेला, मैदानात नाव असलेला. दुसरा वर्षा-दोन वर्षांपूर्वी आलेला, सोळा-सतरा वर्षांचा. दोघं चिमूटभर माती घेतात आणि एकमेकांच्या अंगाला लावतात, म्हणजे घामाने हात घसरू नये. कोणी नुसता हात मिळवत नाही, समोरच्याला आपल्याला पकडता यावं याची सोय करून मगच लढत सुरू होते. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती आपलं अंग चांगलं सापडावं म्हणून काळजी घेणारा खेळ किती सुंदर असतो, याचा आपण फारसा विचार करत नाही.

खडाखडी सुरू होते. मोठ्याचा हात पोराच्या मानेवर पडतो. तो जोरात पडत नाही, पण सोडतही नाही. पोरगा मान सोडवायला बघतो, सुटत नाही. पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली जातो. मोठा दोन्ही पाय मागे टाकतो आणि अख्खं अंग पोराच्या पाठीवर सोडतो. पोरगा दबतो. तालमीबाहेरच्या माणसाला वाटेल, झालं, हरला. पण तिथूनच शिकवणी सुरू होते. मोठा दाब देतो, मग तसूभर कमी करतो. एकाच बाजूने. पोराला ती बाजू सापडली तर तो तिकडून निसटतो. सापडली नाही तर दाब पुन्हा येतो, आणि काही क्षणांनी तीच बाजू पुन्हा थोडी मोकळी होते. तोंडाने एकही शब्द नाही. फार तर मोठ्याच्या तोंडून निघतं, "गुडघा आत घे की लेका." पोरगा गुडघा आत घेतो आणि वाट मिळते.

मोठ्याचं कसब इथे आहे. वाईट जोडीदार दोन प्रकारचे असतात. एक नुसता चेपतो, रोज आपली ताकद दाखवतो, आणि पोरगा घाबरत घाबरत खेळायला शिकतो. दुसरा सहज पडतो, आणि पोराला खोटं सुख देतो. चांगला जोडीदार या दोन्हींच्या मधून चालतो. तो पोराला त्याच्या ताकदीच्या अगदी कडेला ठेवतो, म्हणजे जमेल असं वाटतं पण सहज जमत नाही. रोज ती कड थोडी पुढे सरकवतो. हे करायला स्वतःच्या अंगावर पराकोटीचा ताबा लागतो. आपल्या शंभर किलोंपैकी किती किलो समोरच्याला द्यायचे हे त्याला प्रत्येक क्षणी ठरवावं लागतं. गवयाने तानपुऱ्याच्या तारा लावताना जेवढा कान लावावा तेवढं लक्ष या वजनाकडे असतं.

आणि एक दिवस पोरगा खरंच पाडतो. ढाक हा डाव लागतो, मोठ्याची पाठ मातीला लागते. हौद्याभोवती बसलेले सगळे एका क्षणासाठी गप्प होतात, कारण ही कुस्ती दिलेली की झालेली हे त्यांना ओळखायचं असतं. जाणकाराला ते दिसतं. दिलेल्या कुस्तीत पडणारा आधी हात टेकतो, अंग सावरून पडतो. झालेल्या कुस्तीत हात उशिरा येतो, तोंडातून श्वास बाहेर फेकला जातो. कुस्ती खरंच झालेली होती हे कळल्यावर मोठा काय करतो, त्यावरून मी त्या तालमीची पारख करतो. तो उठतो, पोराच्या पाठीवर मातीचा हात मारतो आणि पुन्हा समोर उभा राहतो. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो आनंद असतो तो मैदान मारल्यावर असतो त्याहून कमी नसतो. काही वेळा जास्त असतो.

आता उलटी बाजू. मोठ्या पैलवानाला स्वतःची मेहनत हवी असते, आणि ती त्याला पोरंच देतात. मैदान जवळ आलं की त्याच्यापुढे एकामागून एक जोडीदार उभे केले जातात. पहिला दमला की दुसरा, दुसरा दमला की तिसरा, आणि मोठा मात्र हौद्यातून बाहेर येत नाही. एकाचं अंग जड, तो दमवायला. दुसरा हलका आणि चपळ, तो पायांची परीक्षा घ्यायला. तिसरा तर आणखी वेगळं करतो. ज्या पैलवानाशी पुढची कुस्ती ठरली आहे, त्याच्यासारखा तो खेळतो. तो पैलवान डावा पाय पुढे टाकत असेल तर हाही टाकतो, तो एकाच डावावर हुकमत ठेवून असेल तर हाही तोच डाव पुन्हा पुन्हा घालतो. आठवडेच्या आठवडे हा पोरगा आपली कुस्ती बाजूला ठेवून दुसऱ्या कोणाची तरी कुस्ती अंगात आणतो, फक्त आपल्या तालमीचा पैलवान मैदानात दचकू नये म्हणून. मैदानाच्या दिवशी तो गर्दीत कुठेतरी बसलेला असतो. हलगी घुमते, फेटे उडतात, इनाम जाहीर होतं. त्याचं नाव कोणी घेत नाही. पण आपण घातलेला डाव आपल्या माणसाने कसा ओळखला हे त्याला, आणि बहुतेक वेळा फक्त त्यालाच, कळलेलं असतं.

या नजरेने आंदळकरांचं जकार्तातलं सुवर्ण पुन्हा पाहा. ग्रीको-रोमन पद्धतीत कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायांचे डाव चालत नाहीत. आपल्या मातीच्या कुस्तीत पट आहे, टांग आहे, पायांवर चालणारे कितीतरी डाव आहेत. ते सगळे तिथे बाद. उरतात मान, छाती, खांदे, कंबर आणि पकड. मातीत वाढलेल्या पैलवानाने गादीवर जाऊन त्या पद्धतीत आशियात पहिलं यायचं, हे मला आजही थक्क करतं. याचं स्पष्टीकरण मला त्या पहाटेच्या खडाखडीत सापडतं. मानेला मान लावून उभं राहण्याची, समोरच्याचं अंग छातीने ओळखण्याची ती तयारी वर्षानुवर्षं झालेली असते, आणि ती एकट्याने होऊच शकत नाही. जोर एकट्याने मारता येतात. मान मजबूत करायला मात्र दुसऱ्याची मान लागते.

वस्तादांविषयी फार लिहीत नाही, कारण चांगला वस्ताद कमी बोलतो. तो कडेला बसतो, जोड्या लावतो, आणि कोणाची जोडी कोणाशी लावायची यातच त्याची सगळी विद्या असते. रुसलेल्या दोघांना तो एकमेकांसमोर उभं करतो. घरची वाईट बातमी आलेल्याला हलक्या पोराशी लावतो. आंदळकर स्वतः पुढे मोतीबागेत वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली दादू चौगुले तयार झाले. चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्य मिळालं. पुनवतच्या पोराला जे हौद्यात मिळालं होतं ते त्याच हौद्यात पुढच्याला दिलं गेलं.

ऊन वर येतं तसा हौदा रिकामा होतो आणि तालमीचं दुसरं जगणं सुरू होतं. अंगावरची माती वाळू देतात, मग ती हाताने रगडून काढतात, एकमेकांची. मालिश हाही देण्याघेण्याचा भाग. पाठीचा कोणता स्नायू आज आखडला हे ज्याने तो आखडवला त्यालाच सर्वांत चांगलं माहीत असतं, आणि बहुतेक वेळा तोच तेल घेऊन बसतो. कुंडीत थंडाई वाटली जाते. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, दूध. वाटायला वेळ लागतो, आणि वाटणारा व पिणारे यांच्यात त्या वेळात जे बोलणं होतं तेच तालमीचं खरं बोलणं. कोणाच्या गावची यात्रा कधी, कोणाच्या बापाने म्हैस विकून खुराकाचे पैसे पाठवले, कोणाच्या बहिणीचं लग्न, उसाचं बिल आलं की नाही. पैलवानाचा खुराक शेतकऱ्याच्या घराला जड जातो. दूध, तूप, बदाम, मटण, अंडी, आणि हे रोज. म्हणून गावाकडून तुपाचा डबा आला की तो एकट्याच्या कपाटात राहत नाही. ज्याचं घर या महिन्यात अडलं आहे त्याच्या भाकरीवर त्यातलं तूप पडतं, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

खोल्यांत स्टोव्ह असतात, स्वयंपाकाच्या पाळ्या असतात. घरी आईने ताट वाढलेलं खाणारा पोरगा इथे कालवण करायला शिकतो, भांडी घासतो, मोठ्या पैलवानाचे लंगोट धुतो. कोल्हापूरच्या तालमी पेठेशीही बांधलेल्या. कित्येक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात, आणि दोन्हींच्या मिरवणुकीत तीच पोरं पुढे असतात. हौद्यात अंगाला माती लागली की कोण कोणत्या घरचा हे दिसेनासं होतं, असं जुनी माणसं सांगतात. मी ते सरसकट खरं मानणार नाही, कारण हौद्याबाहेर गावं तशीच होती. पण एकाच हौद्यात, एकाच घामात, पकडीला पकड देत काही वर्षं काढलेल्या माणसांच्या मनातून काही गोष्टी कायमच्या निघून जातात, हे मात्र खरं.

या सगळ्यात दोष नाहीत असं कोणी म्हणू नये. सेवा आणि राबवणं यांच्यातली रेघ बारीक असते, आणि प्रत्येक तालमीने ती पाळली असं नाही. धाकट्याने मोठ्याचे पाय दाबायचे हे शिस्तीतून येतं, पण मोठ्याने त्या बदल्यात आपलं अंग आणि आपली विद्या दिली नाही तर ती नुसती चाकरी उरते. दुखापतींचं तर बोलायलाच नको. चुरगळून फुगलेले कान तेवढे लोकांना दिसतात, झिजलेले गुडघे आणि मानेचे मणके दिसत नाहीत. आणि या सोबतीपासून मुली पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिल्या. मैदान त्यांना उशिराच मिळालं. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. मुलींनाही तालमीची ती पहाट, ते जोडीदार, ती वर्षं मिळायला हवीत. ती मिळाल्याखेरीज नुसत्या गदेने त्यांची कुस्ती उभी राहणार नाही.

इतर देशांत खेळाडूंच्या अशा एकत्र जगण्याकडे बारकाईने पाहिलं गेलं आहे. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलचा संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले निम्मे परगावी. खेळाडूंचा बहुतेक काळ संघाच्या खोलीत, बसमध्ये, हॉटेलात जातो. जिम बाउटन या गोलंदाजाने १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्या खोलीचं आतलं जग लिहिलं, आणि आतलं बाहेर सांगितलं म्हणून कित्येक सहकारी त्याच्यावर रागावले. तिथे सोबत म्हणजे मुख्यतः एकत्र वाट पाहणं, थट्टा, पत्ते, एकमेकांची गुपितं राखणं. खेळताना मात्र प्रतिस्पर्धी समोरच्या संघातला असतो, खोलीतला नसतो.

आपल्या तालमीला खरी जवळची वाटते ती जपानची सुमो. तिथेही मल्ल एकाच निवासात राहतात, पहाटे सराव करतात, धाकटे मोठा हंडा शिजवतात, मोठे आधी जेवतात. आणि एकाच निवासातले दोन मल्ल मोठ्या स्पर्धेत एकमेकांसमोर उभे केले जात नाहीत. अजिंक्यपदासाठी बरोबरी झाली आणि निर्णायक लढत घ्यावी लागली तरच तशी वेळ येते. आपल्याकडेही एकाच तालमीतल्या दोघांची कुस्ती मैदानात शक्यतो लावत नाहीत. या नियमामागचं कारण मला फार मोठं वाटतं. ज्याच्याशी आपण रोज लढतो त्याच्याशी लोकांसमोर लढायचं नाही. त्याची दुखरी बाजू आपल्याला माहीत आहे, कारण त्याने विश्वासाने ती आपल्या हाती दिली आहे. त्या माहितीवर इनाम मिळवणं तालमीला मंजूर नाही. रोज एकमेकांना पाडणाऱ्या माणसांमध्ये इतका विश्वास राहू शकतो हे मला या संस्थेचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

आज पुष्कळ बदललं आहे. गादीशिवाय पुढच्या स्पर्धा नाहीत, म्हणून तालमींत हौद्याशेजारी गादी आली. कित्येक खोल्यांतले स्टोव्ह जाऊन खानावळी आल्या. थंडाईच्या कुंडीशेजारी प्रथिनांचे डबे दिसतात. यात दुःख करण्यासारखं काही नाही. पोरांना पदकं हवीत आणि ती मिळायला हवीत. पण गादी आली तरी जोडीदार लागतोच. गुणांची कुस्ती असो की चितपटीची, समोरचं जिवंत अंग हटवता येत नाही. यंत्रांनी पाय मजबूत होतील, दम वाढेल. दाब तसूभर कमी करून वाट दाखवणारं माणूस मात्र यंत्रातून मिळणार नाही.

आंदळकर सप्टेंबर २०१८ मध्ये गेले. त्यांच्यावर लिहून आलं त्यात पदकं होती, हिंदकेसरी होतं, अर्जुन पुरस्कार होता, १९६४ चं टोकियो ऑलिंपिक होतं. ते सगळं यायलाच हवं. पण मोतीबागेत ज्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं मान लावली, त्यांची नावं आज मागितली तर किती सांगता येतील? कोल्हापूरच्याच नव्हे, शिराळा, वाळवा, मिरज, कराड भागातल्या गावोगावच्या तालमींतही भिंतीवर फोटो आहेत ते मैदान मारणाऱ्यांचे. जोडीदारांचे फोटो नाहीत. त्यांतले काही अजून आहेत, म्हातारे झाले आहेत, संध्याकाळी पारावर बसतात, आणि विचारलं तर कोणाचा कोणता डाव कसा होता हे हाताने करून दाखवतात.

माझी तालमींना विनंती आहे. एक वही करा. आपल्या तालमीत कोणी कोणाशी मेहनत केली, मैदानाआधी कोणी कोणाची कुस्ती अंगात आणली, हे त्या माणसांना विचारून, तारीख-वार जमेल तितकं लावून, लिहून घ्या. आणि पुढच्या वेळी भिंतीवर नव्या पैलवानाचा फोटो लागेल तेव्हा त्याखाली त्याच्या जोडीदारांचीही नावं लिहा.